वैमानिकांच्या युनियन, व्यवस्थापन आणि रखडलेले करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'वैमानिक संपाच्या तयारीत' अशी बातमी आली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एवढा पगार घेऊन यांना आणखी काय हवंय? आणि माझ्या तिकिटाचं काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण उत्तरं बातमीत क्वचितच सापडतात. खाली बरीचशी उदाहरणं अमेरिकेतली आहेत. तिथे वाटाघाटींची प्रत्येक पायरी कायद्याने ठरलेली आहे आणि करारांवर उघडपणे चर्चाही होते. इतर देशांत काय वेगळं आहे ते शेवटाकडे येईल.

पगार इतका गलेलठ्ठ असताना वैमानिकांना युनियन लागतेच कशाला?

कारण नोकरी सोडणं त्यांना परवडत नाही. अकाउंटंट किंवा इंजिनिअर दुसऱ्या कंपनीत जातो तेव्हा त्याचा अनुभव सोबत जातो, बहुतेक वेळा पगारही वाढतो. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपनीत वीस वर्षं काढलेला कॅप्टन दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेला, तर तिथे तो ज्येष्ठतेच्या यादीत सगळ्यात खाली लागतो. पुन्हा फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक), पुन्हा पहिल्या वर्षाचा दर. 'पटत नसेल तर सोडून जा' हे त्याला ऐकवून उपयोग नाही. जिथे आहे तिथलीच परिस्थिती सुधारून घेणं एवढंच त्याच्या हाती उरतं, आणि ते एकट्याने होत नाही.

एअर लाइन पायलट्स असोसिएशन ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत मोठी संघटना १९३१ साली, मंदीच्या काळात स्थापन झाली. डेव्हिड बेन्के तिचे पहिले अध्यक्ष. डेल्टा, युनायटेड, अलास्का, फेडेक्स यांचे वैमानिक तिचे सभासद आहेत. अमेरिकन एअरलाइन्सचे वैमानिक १९६३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी अलाइड पायलट्स असोसिएशन काढली. साउथवेस्टचीही स्वतःची वेगळी युनियन आहे.

जिथे दुसऱ्या कंपनीत थेट कॅप्टन म्हणून जाता येतं, तिथे हे गणित बदलतं. भारतात असं होतं. अशा ठिकाणी युनियन तुलनेने दुबळी राहते आणि माणूस धरून ठेवण्यासाठी कंपन्यांना बाँड आणि लांबलचक नोटिस पिरियड लागतात.

ज्येष्ठतेवरून एवढं रणकंदन का होतं?

विमान कंपनीत ज्येष्ठतेचा क्रमांक रुजू झालेल्या तारखेवरून ठरतो आणि त्यानंतर जवळजवळ सगळं त्या क्रमांकावरून ठरतं: कुठलं विमान, कुठला बेस (ड्युटी जिथून सुरू होते ते शहर), कॅप्टन कधी होणार, सणाला घरी असणार की हॉटेलात, कपात झाली तर आधी कोण जाणार. दर महिन्याच्या रोस्टरसाठी (ड्युटीच्या वेळापत्रकासाठी) वैमानिक आपली पसंती नोंदवतात आणि वाटप वरून खाली होतं. खालच्यांच्या वाट्याला उरलेलं येतं.

म्हणूनच विलीनीकरण हा सगळ्यात स्फोटक प्रसंग. दोन याद्या एकत्र करायच्या म्हणजे हजारो लोकांच्या उरलेल्या आयुष्याचा क्रम नव्याने लावायचा. यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट २००५ मध्ये एकत्र आल्या. एकत्रित यादी कशी असावी याचा निवाडा लवादाने २००७ मध्ये दिला. जुन्या यूएस एअरवेजच्या वैमानिकांना तो इतका झोंबला की त्यांनी २००८ मध्ये चक्क नवी युनियन काढून जुनीला बाहेरचा रस्ता दाखवला. वाद पुढे अनेक वर्षं न्यायालयात रेंगाळला. कंपनी एक झाली तरी दोन्हीकडचे वैमानिक दीर्घकाळ वेगवेगळ्या कराराखाली, वेगवेगळ्या यादीवर उडत राहिले. त्या काळात व्यवस्थापनाला फारसं काही करावं लागलं नाही. वैमानिक एकमेकांशीच लढत होते.

वाटाघाटीत नेमकं कशावर अडतं? टक्केवारीवर?

बातमी टक्केवारीची होते, पण टेबलावर जास्त वेळ जातो तो वेळापत्रकावर.

वैमानिकाचा पगार तासावर असतो आणि ते तास साधारणपणे विमान गेटवरून हललं की सुरू होतात व पुढच्या गेटवर थांबलं की संपतात. हवामान पाहणं, इंधन ठरवणं, विमानाची पाहणी, दोन उड्डाणांमध्ये तीन तास ताटकळणं यांचं तासाच्या दराने काही मिळत नाही. म्हणून 'महिन्याला किमान किती तासांचे पैसे नक्की' हा आकडा दराइतकाच मोलाचा ठरतो. एप्रिल २०२४ मध्ये 'विस्तारा' या भारतीय विमान कंपनीची उड्डाणं धडाधड रद्द झाली, त्यामागे हेच होतं. एअर इंडियात विलीन होताना नव्या करारात ७० तासांची हमी ४० तासांवर येणार होती. दराला हात न लावताही पगार कसा खाली आणता येतो, त्याचं हे चोख उदाहरण.

याखेरीज रिझर्व्ह ड्युटी (फोन आला की किती वेळात विमानतळावर हजर व्हायचं), ऐनवेळी बदललेलं रोस्टर, प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या शहरात ड्युटीला जाण्याचे पैसे, आजारपणाची रजा, निवृत्तिवेतन. कोविडनंतर अमेरिकेत उड्डाणं परत आली तेव्हा सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या फोनांनी माणसं वैतागली होती. त्या काळातले करार रखडले ते बरेचसे या रागामुळे.

'स्कोप' हे प्रकरण काय आहे?

कंपनीच्या नावाने होणारं उड्डाण कोणी उडवायचं, याबद्दलचं कलम. अमेरिकेत मोठ्या कंपन्या छोट्या मार्गांवरचं काम प्रादेशिक कंपन्यांना देतात. शेपटीवर रंग मोठ्या कंपनीचा, आत वैमानिक दुसऱ्याचा आणि कमी पगाराचा. स्कोपचं कलम या विमानांची संख्या आणि आकार बांधून टाकतं. मोठ्या करारांत ७६ आसनांची मर्यादा बराच काळ टिकून आहे. ती उठली तर उद्या आपलंच काम बाहेर जाईल, ही युनियनची भीती.

युरोपात हाच वाद स्वस्त उपकंपन्यांवरून पेटतो. सप्टेंबर २०१४ मध्ये एअर फ्रान्सचे वैमानिक दोन आठवडे संपावर गेले ते ट्रान्साव्हिया या स्वस्त उपकंपनीच्या विस्तारावरून. कंपनीला 'ट्रान्साव्हिया युरोप' ही योजना मागे घ्यावी लागली. माझ्या मते करारातलं सर्वांत कमी आकर्षक आणि सर्वांत परिणामकारक कलम हेच.

कराराची मुदत संपली की संप करता येतो ना?

अमेरिकेत नाही. तिथे रेल्वे लेबर ॲक्ट हा १९२६ चा कायदा लागू होतो. तो रेल्वेसाठी केला होता, १९३६ मध्ये विमान कंपन्याही त्यात आल्या. या कायद्याखालचा करार संपतच नाही. ठरलेल्या तारखेला तो फक्त 'बदलण्यायोग्य' होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात.

पुढचा रस्ता असा. आधी दोन्ही पक्ष थेट बोलतात. जमलं नाही तर कोणीही राष्ट्रीय मध्यस्थी मंडळाकडे जाऊ शकतो. मंडळाचा मध्यस्थ किती महिने किंवा किती वर्षं प्रयत्न करत राहणार, याला कायद्यात मर्यादा नाही. आता काही होणे नाही असं मंडळाला वाटलं तरच ते लवादाचा प्रस्ताव ठेवतं. एकाही पक्षाने तो नाकारला की ३० दिवसांचा थंडावण्याचा काळ सुरू होतो. ते ३० दिवस संपले की युनियन संप करू शकते आणि कंपनी टाळेबंदी करू शकते किंवा स्वतःच्या अटी लादू शकते. त्यातही राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी मंडळ नेमता येतं, म्हणजे आणखी ६० दिवस. त्याउपर काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, कायदाच करून विषय मिटवू शकते.

या दिरंगाईचा फायदा कोणाला?

बहुतेक वेळा कंपनीला. महागाई वाढत असते, नफा येत असतो आणि पगार जुन्या दराने जात असतो. डेल्टाचा करार २०१९ च्या अखेरीस बदलण्यायोग्य झाला, नवा मंजूर झाला मार्च २०२३ मध्ये. साउथवेस्टचा २०२० मध्ये झाला, नवा आला जानेवारी २०२४ मध्ये. मधे कोविड होता हे खरं, पण कोविड नसतानाही दोन-तीन वर्षं लागणं नवलाचं नाही. दोन्हीकडचे लोक मागील काळाच्या थकबाकीवर इतके घासाघीस करतात ते याचसाठी: उशिराची किंमत कोणी मोजायची?

उलट बाजूही आहे. धंदा मंदीत असेल तर कंपनीलाच जुना, महागडा करार नकोसा होतो आणि युनियन आरामात बसते. युनियनची सगळी धडपड शेवटी एका गोष्टीसाठी असते: मध्यस्थी मंडळाकडून तारीख मिळवणं, म्हणजे ते ३० दिवस सुरू करून घेणं. तारीख नसेल तर संपाची धमकी पोकळ असते. काळ्या टाया, विमानतळाबाहेर गणवेशातल्या रांगा, समभागधारकांना पत्रं हे सगळं त्या तारखेसाठी दबाव म्हणून चालतं.

'९९ टक्के वैमानिकांचा संपाला कौल' अशी बातमी आली. मग संप नक्की?

अजिबात नाही. डेल्टाच्या वैमानिकांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ९९ टक्क्यांनी कौल दिला. डिसेंबरात तत्त्वतः करार झाला आणि एकही उड्डाण संपाने चुकलं नाही. चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळाली. हा कौल म्हणजे युनियनच्या नेत्यांना दिलेली परवानगी, तीही 'कायद्याने मोकळीक मिळाली तर' या अटीवर. आकडा नव्वदीच्या खाली आला तर उलट ती बातमी ठरेल.

मग खरे संप झालेत तरी का?

झालेत, पण अमेरिकेत अलीकडे विरळ. नॉर्थवेस्टचे वैमानिक १९९८ मध्ये १५ दिवस बाहेर होते आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हस्तक्षेप केला नाही. त्याच क्लिंटन यांनी आदल्या वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सचा संप मध्यरात्री सुरू झाल्यावर काही मिनिटांतच आणीबाणी मंडळ नेमून थांबवला होता. डेल्टाची उपकंपनी कॉमएअर २००१ मध्ये ८९ दिवस बंद राहिली. जून २०१० मध्ये स्पिरिटचे वैमानिक पाच दिवस संपावर होते.

संप न करता विमानं अडवता येतात का?

येतात, आणि इथेच युनियन सर्वांत जास्त घसरतात.

ओव्हरटाइम नाकारणं, प्रत्येक नियम अक्षरशः पाळणं, एकाच दिवशी शेकडो जणांनी आजारी पडणं. अमेरिकेत वाटाघाटी चालू असताना 'जैसे थे' ठेवणं दोन्ही पक्षांना बंधनकारक असतं. म्हणून ठरवून केलेला असा प्रकार तिथे बेकायदा ठरू शकतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये रेनो एअरच्या खरेदीवरून अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी सामूहिक आजारपण काढलं. हजारो उड्डाणं रद्द झाली. न्यायाधीशांनी कामावर परतण्याचा आदेश दिला, तो नीट पाळला गेला नाही आणि युनियनवर सुमारे ४.५५ कोटी डॉलरची भरपाई बसली.

आयर्लंडमध्ये नेमकं उलट. जून २०२४ मध्ये एअर लिंगसच्या वैमानिकांनी रीतसर नोटिस देऊन 'नियमानुसार काम' सुरू केलं, त्यात एक दिवस आठ तासांचा संपही केला. लेबर कोर्टाने १७.७५ टक्क्यांची शिफारस केली आणि सभासदांनी ती स्वीकारली. कोणाला दंड नाही. कृती जवळपास तीच, कायदा वेगळा.

नियम पाळल्याने विमानसेवा कोलमडते याचा अर्थ एरवी ती लोकांच्या मेहरबानीवर चालते. व्यवस्थापनाने यावर विचार करायला हरकत नाही.

'सुरक्षेसाठी लढतोय' हे खरं की सोयीचं?

दोन्ही. थकलेला वैमानिक धोकादायक असतो यात शंका नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० जण गेले. त्यानंतर वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम कडक झाले आणि २०१४ पासून लागू झाले. पण फक्त प्रवासी वाहतुकीसाठी. मालवाहू कंपन्यांना वगळलं, आणि तिथल्या वैमानिकांना आजही तेच संरक्षण करारातून मागावं लागतं. ही मागणी खरीखुरी सुरक्षेची. मात्र तासाच्या दरावर बोलतानाही सुरक्षेचा झेंडा फडकवला जातो, तेव्हा वाचकाने थोडा संशय ठेवावा.

व्यवस्थापनाच्या हातात काय असतं?

वेळ, आणि त्याहून जालीम म्हणजे दिवाळखोरी. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँक लोरेन्झो यांच्या कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरी जाहीर केली, युनियनचे करार फेकून दिले आणि वैमानिकांचे पगार सुमारे निम्म्यावर आणले. संप झाला, तो १९८५ पर्यंत लांबला आणि फसला. कंपनी संप मोडणाऱ्या वैमानिकांवर उडत राहिली. त्या लोकांची नावं पुढे कित्येक वर्षं काळ्या यादीत फिरत होती, कॉकपिटमध्ये शेजारी बसलेला माणूस त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. १९८४ मध्ये कायदा बदलला आणि करार रद्द करण्यासाठी न्यायालयाची परवानगी आवश्यक झाली.

याच लोरेन्झो यांच्या ताब्यातल्या ईस्टर्न एअरलाइन्समध्ये मार्च १९८९ मध्ये मेकॅनिक संपावर गेले, वैमानिकही त्यांच्या बाजूने उतरले. जानेवारी १९९१ मध्ये ईस्टर्न कायमची बंद पडली. कोण जिंकलं ते विचारू नये.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतरच्या दशकात दिवाळखोरीच्या छायेत पगार कापले गेले, युनायटेड आणि डेल्टाच्या वैमानिकांच्या निवृत्तिवेतन योजना गुंडाळल्या गेल्या. आज युनियन हट्टी वाटते तेव्हा टेबलापलीकडे बसलेल्या पन्नाशीतल्या माणसाला हे सगळं आठवत असतं.

नेत्यांनी सही केलेला करार सभासद नाकारतात, हे कसं?

कारण शेवटचा शब्द मतपत्रिकेचा. युनायटेडच्या वैमानिकांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये ९४ टक्क्यांनी करार फेटाळला. पुढच्या वर्षी त्यांना ४० टक्क्यांपर्यंत वाढ देणारा करार मिळाला. फेडेक्सच्या वैमानिकांनी जुलै २०२३ मध्ये ५७ टक्क्यांनी नाही म्हटलं, पण तोवर मालवाहतुकीची तेजी ओसरली होती. 'नाही' म्हणण्यातही वेळ साधावी लागते.

शिवाय सगळे एकमेकांचे आकडे पाहत असतात. युनायटेडचा करार जाहीर झाल्यावर अमेरिकन एअरलाइन्सला स्वतःचा आधीच ठरलेला प्रस्ताव १ अब्ज डॉलरहून जास्त वाढवावा लागला, नाहीतर तो मतदानात पडला असता.

इतर देशांत आणि भारतात काय चालतं?

जर्मनीत करार चालू असेपर्यंत संप करायचा नाही, संपला की छोटे इशारा-संप सर्रास. २ सप्टेंबर २०२२ रोजी लुफ्तान्साच्या वैमानिकांनी एका दिवसात सुमारे ८०० उड्डाणं थांबवली. ब्रिटनमध्ये आधी टपालाने गुप्त मतदान घ्यावं लागतं. ब्रिटिश एअरवेजने तीन वर्षांत ११.५ टक्के देऊ केले, वैमानिकांनी ते नाकारले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये दोन दिवस जवळजवळ सगळी विमानं जमिनीवर राहिली. जुलै २०२२ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एसएएसने संपाच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षण मागितलं. संप १५ दिवस चालला.

भारतात युनियनला मान्यता मिळणं हाच अनेकदा वादाचा मुद्दा असतो. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड काढली, काहींना काढून टाकलं, आणि सप्टेंबरात बाकीचे एकदम 'आजारी' पडले. एअर इंडियात २०१२ साली ५८ दिवसांचा संप झाला, मुद्दा होता ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण एअर इंडियात विलीन झालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना द्यायचं की नाही. म्हणजे पुन्हा ज्येष्ठता आणि विलीनीकरण. २०१७ पासून डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाच्या नियमानुसार कमांडरला (कॅप्टनला) १ वर्षाची, फर्स्ट ऑफिसरला ६ महिन्यांची नोटिस द्यावी लागते. नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून रजा घेतली तर तोही संपच धरला जातो.

माझं तिकीट आहे. काय करू?

कौलाच्या बातमीवर काहीच करू नका. अमेरिकेत '३० दिवसांचा काळ सुरू' ही बातमी आली तर लक्ष द्या. कॅनडात संपाआधी ७२ तासांची नोटिस द्यावी लागते. युरोपात नोटिस कधीकधी एका दिवसाचीही असते.

युरोपीय नियमांखालचं उड्डाण असेल तर एक गोष्ट नोंदवून ठेवा. मार्च २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने एसएएसच्याच प्रकरणात ठरवलं की पगारासाठी स्वतःच्या वैमानिकांनी केलेला संप ही 'असाधारण परिस्थिती' नाही. त्यामुळे ऐनवेळी उड्डाण रद्द झालं तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. हवाई नियंत्रकांच्या संपात मात्र ती मिळत नाही. अमेरिकेत अशी भरपाई नाही, रद्द उड्डाणाचा पूर्ण परतावा मिळतो. परतावा घेण्याची घाई करू नका. तो एकदा घेतला की तुम्हाला मुक्कामी पोचवण्याची जबाबदारी कंपनीवर उरत नाही आणि संपाच्या आठवड्यात इतर कंपन्यांची तिकिटं चढलेली असतात. आधी पर्यायी उड्डाण मागा, तेही लेखी.